बाबा, तो पंखा राहू द्या

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "आता लोणावळ्याला येतोयस, शनिवार-रविवार घरी असशील. तुझ्या खोलीत नवा पंखा सांगितलाय. अजिबात आवाज नाही." मी नुसतं "बरं" म्हणालो. पण आपलं फोनवरचं बोलणं जेवलास का आणि पाऊस आहे का, यापुढे कधी सरकत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, पहाटे फिरायला निघताना तुम्ही माझ्या खोलीतला पंखा बंद करता. मला गारठा लागू नये म्हणून, आणि थोडं वीजबिलासाठीही. दर सुट्टीत मी त्या क्षणी ताडकन उठून बसतो आणि तुमच्यावर खेकसतो. गेल्या दिवाळीत तर आईनेही तुम्हालाच ऐकवलं, पोराला दोन दिवस झोपू द्या म्हणून. तुम्ही गप्प चपला घालून निघून गेलात.

त्याचं कारण मी कधी सांगितलंच नाही. खांदेरीच्या जातीची पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. ३६० बॅटऱ्या, एकेक साडेसातशे किलोची. त्या उतरल्या की वर यायचं, हवा ओढणारी नळी तेवढी पाण्याबाहेर काढायची आणि डिझेल इंजिनांवर त्या पुन्हा भरून घ्यायच्या. भरताना त्यांतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्क्यांच्या वर साठला, तर एक ठिणगी पुरते. म्हणून हवा सतत खेळती ठेवावी लागते. बॅटऱ्या विजेच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात, मी इंजिनांचा माणूस. पण पंख्यांची घरघर सगळ्यांच्याच कानात बसलेली. साडेसदुसष्ट मीटरच्या नळकांड्यात आम्ही चाळीसेक जण. शेजारचा कितीही घोरला तरी कोणी कूस बदलत नाही. पंखा थांबला की मात्र सगळे जागे. एकतर काहीतरी बिघडलंय, नाहीतर वरून कोणी कान लावून बसलंय आणि आपण मुद्दाम शांत झालोय. दोन्हींत झोपून राहायची सोय नाही.

तेव्हा पाच वाजता घरात पंखा थांबतो, तेव्हा मी कोथरूडमध्ये नसतो.

आई, आणखी एक. १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईच्या गोदीत बुडाली, १८ जण गेले. मी विशाखापट्टणमला होतो, हे तुला माहीत होतं, तरी सकाळी तुझा फोन आला. मागून बाबांनी विचारलं, "जहाजावर बदली मागता येते का?" पाणबुडीत कोणाला बळजबरीने घालत नाहीत, मी स्वतः मागून गेलो होतो. त्याच तोऱ्यात मी तुटक बोललो. त्या आठवड्यात मलाही झोप नव्हती, हे काही बोललो नाही.

आता समुद्र संपला. लोणावळ्याला नौदलाच्या ज्या प्रशिक्षण केंद्रात, आयएनएस शिवाजीवर, इंजिनं शिकलो, तिथेच शिकवायचंय. "खडकवासल्यात होडी वल्हवून समुद्रात गेला आणि डोंगरावर चढून बसला," असं बाबा सोसायटीत सांगणार, मला माहीत आहे. सांगा. आई, तुझं एक काम मात्र कमी झालं. माझे कपडे दोनदा धुऊन, वेगळ्या दोरीवर वाळत घालून तू म्हणायचीस, हा डिझेलचा वास जात कसा नाही. आता एकदाच धुतलेस तरी पुरे.

नवा पंखा तुमच्या खोलीत लावा. माझ्या खोलीतला तो कुरकुरणारा राहू द्या. हवं तर त्याला तेल घाला. नको, तेलही घालू नका.

शनिवारी संध्याकाळच्या लोकलने येतो, शिवाजीनगरला उतरेन. न्यायला येऊ नका, रिक्षा मिळते. रविवारी तुमच्याबरोबर फिरायला येईन म्हणतो. आधी मला हलवून उठवा, मग पंखा बंद करा.

तुमचा,
बाळू