सूचना : रविवारच्या इंग्रजी लेखन सरावाआधी

सभासदहो, मागच्या वेळी तुम्ही लिहिलेले अर्ज वाचले. व्याकरण बहुतेकांचं ठीक आहे, पण वाक्यं संपता संपत नाहीत. एक नमुना, नाव सांगत नाही : ‘आय ॲम रायटिंग धिस लेटर टू ब्रिंग टू युअर काइंड नोटिस द फॅक्ट दॅट द लिफ्ट इज नॉट इन वर्किंग कंडिशन.’ शब्द २१. ‘द लिफ्ट इज नॉट वर्किंग’ यात ५ शब्दांत काम होतं, आणि उद्धटही वाटत नाही.

‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ऐवजी ‘बिकॉज’ लिहा. ‘मेड ॲन इन्स्पेक्शन ऑफ’मध्ये खरं क्रियापद नामात दडलंय, ‘इन्स्पेक्टेड’ म्हणा. ‘इट वॉज डिसायडेड’ वाचलं की प्रश्न पडतो, ठरवलं कोणी? कर्ता माहीत असेल तर लिहा. मात्र ‘द पंप वॉज स्टोलन’ राहू द्या. चोर कुठे माहीत आहे आपल्याला! ‘डू द नीडफुल’ तर आपल्याकडचं खास. नेमकं काय आणि कधीपर्यंत हवंय, ते लिहा.

हे खूळ फक्त आपलंच नाही. सरकारी कागद लोकांना कळावेत म्हणून अमेरिकेला २०१० मध्ये कायदा करावा लागला.

रविवारी येताना आपलाच एक जुना अर्ज काटछाट करून आणा. मूळ प्रतही सोबत हवी. अर्थ गळला असेल तर तो शब्द परत घालू.