वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजा असं छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला तरी विचारा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवारच्या पुरवणीतला कुत्र्याच्या पिल्लांच्या आहारावरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. मोठ्या जातीच्या पिल्लाला खाद्यासोबत वरून कॅल्शियमचं टॉनिक द्या, हाडं मजबूत होतात, असं सरळ छापून मोकळे झालात. लेखाखाली ना लेखकाचं नाव, ना कुठल्या डॉक्टरांचं. आज सकाळी सोलापुरात किती घरांत बाटल्या आल्या असतील कोण जाणे.

माझ्या धाकट्या भावाकडं होटगी रोडला लॅब्राडॉर आहे, बादशा. त्याला आणला तेव्हा दुकानदारानं फीडच्या पोत्याबरोबर कॅल्शियमची बाटली पण हातात ठेवली, हेवी ब्रीड आहे, द्यायलाच पाहिजे म्हणाला. आता पिल्लांचा धंदा करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर भाऊ कशाला शंका घेईल? बादशा असा भरला की गल्लीतली पोरं बघायला यायची. आणि सहाव्या महिन्यात पुढचा उजवा पाय धरायला लागला. झोपून उठला की चार पावलं आखडत टाकायचा, दुखरा पाय टेकला की मान वर उचलायचा, तो पाय पुढं ओढून बघितला की केकाटायचा. हळूहळू खांद्यावरचं मांस उतरलं, हात फिरवला की हाडाची धार लागायची. एका डॉक्टरनं वाढीचं दुखणं म्हणून इंजेक्शन दिलं, तेवढ्यापुरता बरा, परत तेच. दुसऱ्यांनी एक्स-रे काढायला लावला तेव्हा खांद्याच्या गोळ्याला मागच्या बाजूनं खळगा दिसला. ओसीडी, म्हणजे सांध्यातली कूर्चा, हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत मऊ थर, सुटण्याचा आजार. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं, सुटलेला कूर्चेचा पापुद्रा काढला. एवढंसं लेकरू ते, टाके असताना पण शेपटी हलवत होतं, बघवत नव्हतं.

वाढत्या पिल्लाच्या हाडाच्या टोकाला आधी कूर्चा असते, तिचं हळूहळू हाड होतं. ते होणं अडलं की कूर्चा जाड होत जाते, आतल्या थराला पोषण पोचत नाही, तो मरतो आणि वरचा पापुद्रा भेगाळून सुटतो. खांदा, कोपर, गुडघा, मागचा घोटा, कुठंही. आईबापांकडून येणारा दोष असतोच, पण भराभर वाढ, जादा वजन आणि जादा कॅल्शियम यांनी त्यात भर पडते. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवताच येत नाही, जेवढं जास्त घालाल तेवढं जास्त अंगात जातं. हॉलंडमध्ये उट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे करून बघितलंय, तेही १९८० च्या दशकात. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर अभ्यास झाला, निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर त्यांच्यात खुब्याचा त्रास कमी दिसला आणि ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. हे २००२ साली प्रसिद्ध झालंय ओ, आणि आपण अजून पिल्लू जाड दिसलं की कौतुक करतोय.

नुसत्या मटण-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतं, हे खरंच आहे. पण मग किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पुरवणी नाही. आणि मोठ्या जातीच्या पिल्लांचं चांगलं तयार फीड असेल तर त्यात ते मोजूनच घातलेलं असतं, वरून थेंबभर पण नको.

अजून एक. त्याच पानावर खाली जाहिरात आहे, ‘डबल बोन लॅब्राडॉर पिल्ले, वय ३५ दिवस, त्वरित संपर्क’. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ पासून केंद्राचा नियम आहे. ब्रीडरची नोंदणी लागते. तुमच्या जाहिरात विभागात हे कुणी बघतच नाही का? पैसे भरले की छापायचं? आईबापांच्या खुब्याचा, कोपराचा एक्स-रे काढलाय का हे त्या जाहिरातीत कधीच नसतं, ‘डबल बोन’ म्हणजे जाड हाड, तेवढं मोठ्या अक्षरात.

येत्या रविवारी दुरुस्ती छापा, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या मथळ्यात. मागं एकदा माझं पत्र कापून चार ओळींचं केलं होतंत, या वेळी जागा कमी असली तर बाकीचं काढा, कॅल्शियमचं काढू नका.

आपला,
एक जुना वाचक, जुळे सोलापूर