मंदी संपली, मग काम कुठाय?

ट्रॉय, मिशिगन
१५ जून २०१४

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भोसरीच्या शॉपमधली एक पाळी बंद करावी लागली हे वाचून फार वाईट वाटलं. तुझा प्रश्न मनात घोळत होता: "तुमची मंदी २००९ च्या जूनमध्येच संपली म्हणतात, मग पाच वर्षांनीही लोक रडतायत का?" आज रविवार, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

मंदी संपली याचा अर्थ घसरण थांबली, इतकाच. खड्ड्यातून वर येणं ही वेगळी गोष्ट आहे. ६ जूनला मे महिन्याचे रोजगाराचे आकडे आले. अमेरिकेतल्या नोकऱ्यांची संख्या पहिल्यांदाच जानेवारी २००८ च्या वर गेली. ८७ लाख नोकऱ्या बुडाल्या होत्या. त्या भरून निघायला २०१४ उजाडलं. दिवसभर टीव्हीवर तेच कौतुक. पण मधल्या काळात सोळा वर्षांवरची लोकसंख्या जवळजवळ दीड कोटीनं वाढली, त्या मुलांच्या वाट्याचं काम कुठाय? बेकारी १० टक्क्यांवरून ६.३ वर आली हे खरं, पण ज्यांनी हताश होऊन काम शोधणंच सोडलं त्यांना बेकारांत धरतच नाहीत.

१९८१-८२ ची मंदीही जबर होती, पण तेव्हा गेलेल्या नोकऱ्या १९८३ संपेपर्यंत परत आल्या. ती मंदी महागाई मोडण्यासाठी वाढवलेल्या व्याजदरांतून आली होती. दर उतरले तशी लोकांनी पुन्हा घरं घेतली, गाड्या घेतल्या. या वेळी डिसेंबर २००८ मध्येच फेडनं, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेनं, दर जवळजवळ शून्यावर आणले आणि अजून तिथेच आहेत. तरी उठाव नाही, कारण लोक कर्जात बुडालेले. घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा गृहकर्ज असलेल्या दर चार घरांतलं जवळपास एक घर असं होतं, की ते विकलं तरी कर्ज फिटणार नाही. अशा माणसाला स्वस्त व्याजाचं काय अप्रूप? हातात येईल तो पैसा तो हप्त्यात घालतो. दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून कारखान्यात ऑर्डर नाही.

आमच्या शेजारी एक टूल-अँड-डायवाला, म्हणजे कारखान्यांसाठी साचे आणि हत्यारं घडवणारा कारागीर राहतो, साठीकडे झुकलेला. २००९ मध्ये त्याचं शॉप बंद पडलं. टेक्सासात काम होतं, पण घर विकायचं तर वरचे पैसे पदरचे घालावे लागणार, ते आणायचे कुठून? मग इथेच राहिला. आता हार्डवेअरच्या दुकानात उभा असतो, पूर्वीच्या निम्म्या पगारावर. मध्ये त्याच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. मायक्रोमीटर, डायल गेज, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळून खणांत ओळीनं ठेवलेलं. पत्र्याला भोक पाडायचा एक जुना पंच काढून त्यानं धारेवरून अंगठा फिरवला आणि कुठे किती घासायला हवं ते मला सांगितलं. आकड्यांच्या हिशोबात या माणसाला नोकरी परत मिळालेली आहे, विनय.

मला सर्वांत जास्त राग येतो तो सरकारांचा. २००९ च्या फेब्रुवारीत अर्थव्यवस्थेला हात देण्यासाठी ७८७ अब्ज डॉलरचं सरकारी पॅकेज आलं, त्यानं घसरण थोपवली. पण त्याचा जोर ओसरला आणि लोक सावरण्याआधीच सगळे काटकसरीच्या मागे लागले. राज्यांना तुटीचं बजेट करता येत नाही, म्हणून महसूल आटताच त्यांनी आणि गावांनी माणसं कमी केली, शिक्षकसुद्धा. सात लाखांच्या आसपास पदं गेली. आमच्या मिशिगनमध्ये २००९ साली बेकारी १४ टक्क्यांच्या घरात होती; तरी याच राज्यानं २०१२ पासून बेकारभत्ता २६ आठवड्यांवरून २० वर आणला. केंद्राची वाढीव मदत गेल्या डिसेंबरात बंद झाली आणि एका फटक्यात १३ लाख लोकांचे चेक थांबले. लोक घरी बसले की खर्च थांबतो, खर्च थांबला की दुसऱ्याचं काम जातं, हे ठाऊक असून केलं! ही संथ चाल दैवानं आलेली नाही, बरीचशी ठरवून ओढवून घेतलेली आहे.

गाड्यांचे कारखाने सावरलेत, पण नव्या कामगाराला त्याच लाइनवर, तेच बोल्ट आवळायला जुन्यापेक्षा बराच कमी पगार. डेट्रॉइट शहर गेल्या जुलैत दिवाळखोरीत गेलं. आता पेन्शन-कपातीच्या आराखड्यावर तिथले निवृत्त लोक मत देतायत.

आता तुझ्या कारागिरांविषयी. दुसरी पाळी बंद ठेवायचीच असेल तर ठेव, पण माणसं काढू नकोस. जर्मनीत २००९ मध्ये उत्पादन पाच टक्क्यांनी घसरलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. कंपन्यांनी माणसं ठेवली, तास कमी केले आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग सरकारनं भरला. ऑर्डरी परतल्या तेव्हा हात तयार होते. तुला सरकार काही देणार नाही, हे माहीत आहे. पण पाच दिवसांचं काम सगळ्यांत वाटून घेता येतं का, हे त्यांच्याशी बसून बोल. नवीन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचं कर्ज मात्र वर्षभर पुढे ढकल. हप्त्यांसाठी पैसे कमी पडत असतील तर संकोच न करता कळव.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे ते लिही.

तुझा,
श्रीकांत