शिक्षा केलेल्या कृत्याचीच असावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एखादा भीषण खून किंवा बलात्कार उघडकीस आला की वाचकपत्रांत दोनच सूर लागतात. एक म्हणतो, आरोपीला भर चौकात फासावर लटकवा. दुसरा म्हणतो, सूड हा रानटीपणा आहे, शिक्षेने गेलेला माणूस परत येत नाही, गुन्हेगाराला सुधारा. सोलापुरात फौजदारी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली. दोन्ही मते मला पटत नाहीत, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे आहे. हिंसक गुन्ह्याला शिक्षा द्यायची ती त्या माणसाने ते कृत्य केले म्हणून. इतरांना जरब बसली, तो स्वतः सुधारला, तर चांगलेच; पण शिक्षेचा पाया तो नव्हे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यामुळे पुढचे खून टळतील का, दादांना सुधारायला वाव आहे का, असले प्रश्न त्या हकिकतीत कुठेच येत नाहीत. पुतण्याचा खून झाला आहे आणि त्याचा जाब द्यावा लागेल, एवढेच शास्त्रीबुवांना पुरे होते. समोर खुद्द सत्ताधीश आहे म्हणून त्यांनी मापही कमी केले नाही.

हा विचार मला पुस्तकांपेक्षा न्यायालयातल्या एका साक्षीने जास्त समजावला. शहराच्या पूर्वभागातल्या एका विडी कामगार बाईंच्या मुलाचा खून झाला होता. साक्षीच्या दिवशी मुद्देमालाचे पुडके टेबलावर आले. पट्टेवाल्याने लाखेचे सील तोडले, कागद उलगडला आणि शर्ट बाहेर काढला. वाळलेल्या रक्ताने कापड पापडासारखे कडक झाले होते. सरकारी वकिलांनी विचारले, हा शर्ट ओळखता का? बाईंनी तो हातात घेतला, वरून तिसरे बटण अंगठ्याने चाचपले आणि म्हणाल्या, "हे बटण मी लावलंय. पांढरा दोरा नव्हता घरात, निळ्यानं शिवलंय." न्यायाधीशसाहेबांनी ते शब्दशः टिपून घ्यायला सांगितले.

त्या बाईंच्या घरी मांडवलीसाठी माणसे येऊन गेली होती. रक्कमही बरी होती म्हणे. शेजारचे दोन साक्षीदार फितूर झाले, ते काही फुकट झाले नसणार. दर तारखेला बाईंची मजुरी बुडायची, कारण विड्या वळल्या तरच पैसे, आणि तारखेला आल्यावर समजायचे की आज आरोपीचे वकील गैरहजर आहेत. एकदा मीच त्यांना म्हटले, मावशी, एवढी ओढाताण कशाला? त्या म्हणाल्या, "अक्का, पैशानं काय होतंय. त्यानं मारलं म्हणून कोर्टानं बोललं पाहिजे, आणि त्यानं भोगलं पाहिजे." आरोपीला जन्मठेप झाली. त्या दिवशी बाईंच्या तोंडावर आनंद नव्हता आणि सूड उगवल्याचे समाधानही नव्हते. निकालाची नक्कल कुठे मिळते एवढे त्यांनी विचारले.

याला रानटीपणा म्हणायला माझी जीभ धजावत नाही. खून करणारा कृतीने सांगत असतो की या माणसाची किंमत शून्य आहे. समाजाने शिक्षा दिली नाही तर त्याचे म्हणणे तसेच उभे राहते.

पण शिक्षा कृत्यासाठी असेल तर ती कृत्य करणाऱ्यालाच मिळाली पाहिजे, पुराव्यानिशी मिळाली पाहिजे आणि कृत्याच्या मापाने मिळाली पाहिजे. 'चौकात फाशी द्या' म्हणणाऱ्यांना हे बंधन नको असते. त्यांना धाक हवा असतो. आणि नुसत्या धाकासाठी शिक्षा दिली तर काय होते, हे सोलापूरकरांना बाहेरच्या कुणी सांगायला नको. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणारा माणूसही गुन्हेगार ठरला. दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. कृत्य कोणाचे, हा प्रश्न सरकारच्या लेखी दुय्यम होता. शहराला धडा शिकवायचा होता आणि त्यासाठी चार माणसे हवी होती. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या आपण तरी 'उदाहरण घालून द्या' ही भाषा जपून वापरावी.

हेच शिकवणारी सोलापुरातली दुसरी जागा म्हणजे सेटलमेंट. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेऱ्या घेतल्या. कुंपण सुटायला १९५२ साल उजाडले. पण मनातले कुंपण? नाशिकजवळ २००३ मध्ये एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला; खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि पुढील तपासाचा आदेश दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्या कुटुंबाला तरी काय मिळाले? ज्यांनी घर उद्ध्वस्त केले त्यांना शिक्षा झालीच नाही. चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा पीडितांचाही हक्क बुडवते, आणि म्हणूनच मी फाशीच्या बाजूची नाही. कमाल शिक्षा मरेपर्यंत कारावास असावी. तिथे निदान चूक कळल्यावर दार उघडता येते. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' खटल्यांपुरती ठेवली, पण नाशिकचा हा खटला त्याच चाळणीतून पार झाला होता.

चकमकींबद्दल फार लिहीत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुणीच्या बलात्कार आणि खुनातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाच्या अहवालातून २०२२ मध्ये कळले की पोलिसांची हकीकत खोटी होती. खटला झाला नाही, म्हणजे 'यांनी मारलं' हे न्यायालयाने कधीच म्हटले नाही. आमच्या विडी कामगार बाईंना जे हवे होते नेमके तेच त्या मुलीच्या आईवडिलांना मिळाले नाही.

आता सुधारणावाद्यांसाठी. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये ती सुरू केली. खुनाची शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करत बायकामुलांसह राहिली. मला त्या प्रयोगाचा अभिमान आहे. पण ती माणसे आधी दोषी ठरली होती, शिक्षा भोगत होती. मी केले, हे कबूल केल्याशिवाय सुधारायचे तरी काय? तुरुंगात माणसाला माणसासारखे वागवा, शिकवा, कामाचे चांगले दाम द्या. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणे. त्यात मारहाण, उपासमार, अपमान येत नाही. जास्तीची वेदना हेही मापात केलेले पाप आहे.

मात्र माप खालूनही बिघडते. गुजरातमधल्या २००२ च्या सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडातले अकरा दोषी १५ ऑगस्ट २०२२ रोजी शिक्षामाफी घेऊन बाहेर आले आणि त्यांना हार घालण्यात आले. खटला मुंबईत चालला असल्याने तो अधिकार गुजरात सरकारचा नव्हताच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये माफी रद्द केली. मधल्या काळात त्या बाईने काय सोसले असेल! जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे अशी आपल्याकडे समजूत आहे. तसे नाही. जन्मठेप जन्मभराची असते. खुनासारख्या गुन्ह्यात किमान चौदा वर्षे झाल्याशिवाय सरकारला सहसा माफी देता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. शिक्षामाफीचा किंवा पॅरोलचा अर्ज आला की पीडितेला किंवा मृताच्या घरच्यांना लेखी कळवून त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना साक्षीचे समन्स बजावतानाच साक्षीदाराला मराठीत, आणि आमच्या पूर्वभागात तेलुगूतही, समजावून सांगावी. साक्षीदार हजर असेल त्या दिवशी कोणाही वकिलाच्या गैरहजेरीवरून तारीख दिली जाऊ नये. द्यावीच लागली तर साक्षीदाराची बुडालेली मजुरी ज्याच्यामुळे तारीख पडली त्याच्याकडून, त्याच दिवशी, वसूल करून द्यावी.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सोलापूर