मधला ‘बा’

दादर, मुंबई
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय शकू,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. संक्रांतीला तू चार ओळी लिहिल्यास, तर मी नुसता तिळगुळाचा फोटो पाठवला, तोही कुणीतरी मला पाठवलेला. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. आमच्याकडे ठीक. ह्यांची साखर आटोक्यात आहे, माझा डावा कान आणखी थोडा गेला. कानाचं पुढे काम आहे म्हणून सांगून ठेवते.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच हसली असतीस नाहीतर मध्येच गप्प झाली असतीस, आणि तुझ्या गप्प होण्याची मला १९९७ पासून धास्ती आहे.

झालं असं. जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. वडाळ्याच्या बाजूला पुनर्विकासात टॉवर झालेत ना, त्यातल्या एकात राहते, तिथलं महिला मंडळ चालवते. म्हणाली, “बाई, सात तारखेला रमाबाईंवर बोलाल का? जयंती आहे.” रमाबाई म्हटल्यावर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी लगेच हो म्हटलं. रानडेबाईंची जयंती जानेवारीतली, मग ही फेब्रुवारीत कशी, असं मनात आलंही. पण सात तारखेला शनिवार होता. म्हटलं, बायकांच्या सोयीने पुढे ढकलली असेल. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली होती, ती उघडेना, फोनमधली जागा भरलीय म्हणे. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “बघतो.” ह्यांचं ‘बघतो’ तू १९८२ पासून बघते आहेस.

मी अकरा पानं काढली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना, अकराव्या वर्षी लग्न होऊन रानड्यांच्या घरात आली, रमा झाली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने स्वतः मात्र १८७३ मध्ये ही लहान मुलगी केली, तेही मी सोडलं नव्हतं, नाहीतर तू म्हणशील बाईंनी सोवळं भाषण केलं. नवरा रात्री शिकवतोय आणि घरातल्या बायका दिवसा छळतायत, मिस हरफर्डकडे इंग्रजी, पुढे सेवासदन, १९१० साली आलेलं आठवणींचं पुस्तक. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हाचं एक अख्खं पान होतं. दोन रमाबाया एका खोलीत बसल्यात, एकीने नुकताच नवरा गमावलाय, कडेवर पोर, तोंडात सगळं संस्कृत. दुसरी घरच्यांच्या धाकातून चोरून आल्यासारखी. आरशासमोर म्हणून बघितलं. हे म्हणाले, हात फार हलवतेस.

सात तारखेला लिफ्टचं दार उघडलं आणि समोर निळी कमान. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि मध्ये, मोठा हार घातलेला, रमाईंचा. पांढऱ्या साड्या नेसलेल्या ऐंशी-नव्वद बायका खुर्च्यांवर. आणि माझ्या पिशवीत न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीची अकरा पानं.

शके, मला दहा मिनिटं मिळाली होती. त्रिसरण-पंचशील चाललं होतं तेवढ्या वेळात त्या पोरीच्या कानात सांगता आलं असतं की घोटाळा झालाय, दुसरं कुणी बघ. मी हात जोडून उभी राहिले आणि मनात हिशेब मांडला की मला काय काय येतं. जे येत होतं ते सगळं तुझ्या आईकडून आलेलं. पोयबावडीच्या बीआयटी चाळीतल्या त्या दोन खोल्या, शेणाच्या गोवऱ्या, भायखळ्याच्या बाजारात बाजार उठल्यावर लागलेलं लग्न. तुमच्या स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या आवाजात, चहाबरोबर ऐकलेलं. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, राजगृहावरून रोज भाजीला जाते, आणि त्यातलं एक अक्षर कधी पुस्तकात जाऊन पाहिलं नाही. तुझ्या आईचं होतं ना, मग ते इतिहासात कशाला धरायचं.

माझं नाव पुकारलं. उभी राहिले, नमस्कार केला, फोटोकडे पाहिलं. आणि तोंडातून पाठ केलेलं वाक्य बाहेर पडलं: “रमाबाईंचा जन्म देवराष्ट्रे या गावी झाला.”

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोरगी मोठ्याने म्हणाली, “वणंद!”

हॉलमध्ये सुई पडली असती तरी माझ्या डाव्या कानाला ऐकू आली असती. मी मेले. आणि तेवढ्यात माझी विद्यार्थिनी माइक ओढून हसत म्हणाली, “बाईंची जुनी खोड आहे. मुद्दाम चुकीचं सांगतात आणि वर्ग जागा आहे का बघतात.”

आणि मी काय केलं असेल? “शाब्बास!” म्हटलं. त्या पोरीकडे बोट दाखवून, वर्गात दाखवायचे तसं, “शाब्बास! वणंद कुठे आलं?”

दापोलीजवळ. जन्म कधी? १८९८. वडील काय करायचे? दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील गेल्यावर? मामा-काकांनी मुंबईला भायखळ्याला आणलं. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. साहेब परदेशात शिकत असताना घर कसं चाललं ते एका म्हातारीने सांगितलं, असं की कालच शेजारच्या खोलीत घडलंय. किती मुलं गेली ते विचारायची माझी हिंमत नव्हती, ते एकीने आपण होऊन सांगितलं, नावं घेत: रमेश, गंगाधर, इंदू आणि १९२६ मध्ये राजरत्न. राजरत्नाच्या नावाला मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. राजगृहात २७ मे १९३५ ला त्या गेल्या, वय सदतीस, हे अख्ख्या हॉलने एकदम सांगितलं. मला पाढे म्हणणारा वर्ग आठवला. तासभर चाललं. माझं त्यात फक्त ‘मग?’, ‘आणि?’ आणि ‘शाब्बास’ होतं.

शाल, श्रीफळ, पाकीट. अध्यक्षबाई म्हणाल्या, आजवर वक्ते येऊन आम्हाला रमाई सांगून गेले, ह्या बाईंनी आमच्याकडूनच वदवून घेतली. टाळ्या. मी त्या टाळ्या घेतल्या, शके. मान लववून घेतल्या.

माझी विद्यार्थिनी मला खाली सोडायला आली. लिफ्टचं बटण दाबता दाबता सहज म्हणाली, “तुमच्या पिशवीतल्या कागदांवर ‘रानडे’ लिहिलेलं दिसलं होतं मला, बाई.”

मी म्हटलं, “अगं, तू फोनवर रमाबाई म्हणालीस ना?”

“नाही बाई. रमाई म्हणाले. आम्ही रमाबाई म्हणतच नाही.”

आता कानावर ढकलता येईल. ह्यांनी ढकललंसुद्धा, “तुझं यंत्र आधीच घ्यायला हवं होतं” म्हणाले. पण ऐकू कमी आलं तर एखादं अक्षर गळतं गं, वाढत नाही. मधला ‘बा’ माझ्या पदरचा. आनंदीबाईने ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणून आपण वर्गात किती रंगवून सांगायचो. तिने निदान समजून-उमजून केला असं म्हणतात.

घाटकोपरचा फोन तुला आठवत असणार, मला तर आठवतोच. ११ जुलै १९९७ ची रात्र. मामांचा पत्ता लागत नव्हता, तुझा आवाज ओळखू येत नव्हता. गोळीबार, रमाबाई नगर, असं काहीतरी तू बोललीस आणि मी विचारलं, “रमाबाई म्हणजे रानड्यांच्या ना?” दहा माणसं गेली होती आणि मी आडनाव विचारत होते. तू फोन ठेवलास आणि मार्चपर्यंत उचलला नाहीस. मग एक दिवस डब्यात बोंबलाची चटणी घेऊन शाळेत उभी राहिलीस. विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. मला वाटलं, मिटलं. आता वाटतं, मी काही शिकलेच नव्हते, नुसता जपून विषय टाळत होते.

आणि लोकांच्या चुकांना मी काय हसलेय! तो सातवीतला आठवतो का, ज्याने लिहिलं होतं, ‘शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवल्या’? साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे शाहू एका वाक्यात, मध्ये दोनशे वर्षं. मी त्याला भोपळा दिला आणि स्टाफरूममध्ये पेपर वाचून दाखवला. तू एकटी म्हणाली होतीस, अगं दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, अर्धा तरी दे. आपलं त्यावरून वाजलंही होतं. आता देते अर्धा, कुठे असेल तो?

ह्यांचं तर विचारूच नको. डिसेंबर २०२२ मध्ये लावणीवाल्या सुलोचना चव्हाण गेल्या, तर ह्यांनी घरच्या ग्रुपवर सुलोचनादीदींचा फोटो टाकून ‘चित्रपटसृष्टीची आई हरपली’ असं लिहिलं. दीदी हयात होत्या, पुढच्या जूनमध्ये गेल्या. तेव्हा हे परत तोच फोटो टाकायला निघाले. मी फोन काढून घेतला. आमच्या सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांची सुलोचना तिसरीच निघाली असती, मूकपटातली, रूबी मायर्स. ज्याची त्याची सुलोचना.

बरं, पुढे ऐक. परवा कानासाठी गावदेवीला डॉक्टरकडे गेले होते. ग्रँट रोडला उतरून टॅक्सीवाल्याला म्हटलं, “पंडिता रमाबाई मार्ग.” तो म्हणाला, “रमाबाई? वो तो घाटकोपर में है, माताजी. इतना दूर टॅक्सी से?” मी रस्त्यातच हसायला लागले. त्याला बिचाऱ्याला वाटलं भाड्यावरून हसतेय. पुढे चालतच गेले. पाटी बघितली. आणि गंमत म्हणजे सेवासदन आहे त्याच रस्त्यावर. रानडेबाई जिच्या पहिल्या अध्यक्ष, ती संस्था पंडिता रमाबाईंच्या नावाच्या रस्त्यावर. इतकी वर्षं त्या बाजूला जाते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पंडिताबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन काढलं तेही इथून हाकेच्या अंतरावर, चौपाटीला. तुला सांगायला म्हणून फोन काढला आणि परत आत ठेवला.

तर आता मुद्दा. त्यांनी मला २७ मे ला पुन्हा बोलावलंय, स्मृतिदिनाला. ‘बाईंची तीच पद्धत ठेवू या’ म्हणतात. पद्धत! गेले दोन आठवडे मी वाचते आहे, वाचनालयातून चार पुस्तकं आणली. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ची अर्पणपत्रिका रामूला आहे, हे तुझ्या आईने एकदा सांगितलं होतं आणि मी खोटं समजले होते. मनातल्या मनात, पण समजले होते. पान उघडून पाहिलं, आहे.

मला २७ ला उभं राहून आधी झालेलं सांगून टाकावंसं वाटतं. की त्या दिवशी परीक्षाबिरीक्षा काही नव्हती, मी दुसरीच रमाबाई घेऊन आले होते. हे म्हणतात, कुणाला कळलंय? उगाच कशाला? त्यांचं सोड. पण मी खरं सांगितलं तर त्या पोरीने चारचौघांत मारलेली थाप उघडी पडते, आणि तिने ती माझी लाज राखायला मारली होती. तिला विचारलं तर म्हणाली, “बाई, जाऊ द्या ना, छान झालं की.” तिला खरंच छान वाटलं की तीही मला दादर-हिंदू कॉलनीची बाई म्हणून सांभाळून घेतेय, हे मला कळत नाही. तूही मला असंच सांभाळून घेत आलीस का? चटणीच्या डब्यापासून? हे विचारायला एवढं लांबण लावलं बघ.

गप्प बसू नकोस. शिव्या दे, पण लिही.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन केव्हा ठरलं? सुनेची बदली रद्द झाली ते वाचलं, बरं झालं. नातू बोलायला लागला असेल. फोटो पाठव, माझ्या फोनमधली जागा मोकळी केलीय आता.

आणि मे महिन्यात इकडे येणारच असशील तर २७ च्या आधी ये. पुढच्या रांगेत बस, त्या दोन वेण्यांच्या पोरीशेजारी. मी चुकले तर तिच्या आधी तू ओरड.

तुझीच,
मंदा

ता. क. पाकिटात पाचशे एक रुपये होते. खर्च करवत नाहीत आणि परतही करता येत नाहीत. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेत, वाचनालयाच्या.