इंजिन उघडण्याआधीची स्वच्छता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी नाशिकमध्ये जागोजागी रस्त्यांची कामे चालू आहेत आणि रस्त्यालगतच्या लहान गॅरेजांसमोर खडीची भुकटी दिवसभर उडत असते. याच गॅरेजांत, बहुधा शेडच्या तोंडाशी आणि कधी थेट फूटपाथवर, मोटारींची इंजिने उघडली जातात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा व्यवसाय मी अनेक वर्षे शिकवला, त्यामुळे हे दृश्य पाहून स्वस्थ बसवत नाही. काम होऊन काही महिने होतात न होतात तोच इंजिन पुन्हा ऑइल खाऊ लागते किंवा बेअरिंग वाजू लागते, तेव्हा दोष सुट्या भागांच्या माथी मारला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण इंजिन उघडताना आत गेलेली धूळ हे असते.

क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारे मेन बेअरिंग यांच्यातील फट मोटारीच्या इंजिनात साधारणतः ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि इंजिन चालू असताना त्या फटीतील ऑइलचा थर काही ठिकाणी एक-दोन मायक्रॉनइतका (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ होतो. वाळूतील क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्सच्या मापावर (खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या १ ते १० च्या श्रेणीवर) ७ आहे. असा एखादा कण बेअरिंगच्या मऊ थरात रुतून बसला की तो तेथूनच क्रँकच्या पोलादावर ओरखडे काढत राहतो. चालू इंजिनाला एअर फिल्टरचे आणि ऑइल फिल्टरचे संरक्षण असते, उघड्या इंजिनाला यांपैकी कशाचेच नसते. ऑइल फिल्टरच्या पुढच्या वाटेत, म्हणजे ब्लॉकमधील (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातील) ऑइल गॅलरीत, पडलेली घाण तर पहिल्याच स्टार्टला कोणत्याही अडथळ्याशिवाय थेट बेअरिंगवर पोहोचते.

म्हणून पहिला पाना लावण्याआधी इंजिन बाहेरून धुतले पाहिजे. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेला, हेड (सिलिंडरवर बसणारा वरचा भाग) आणि ब्लॉकच्या सांध्यावर, चेंबरच्या (खालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बोल्टांभोवती ऑइल आणि धूळ मिळून जो काळा थर साचलेला असतो, तो झाकण उचलताच सुटून आत पडतो. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि हवा आत घेणारे तोंड प्लास्टिकने बांधून घ्यावे, थंड इंजिनावर डिग्रीझर लावून ब्रशने घासावे, धुऊन पूर्ण कोरडे करावे. स्पार्क प्लग काढताना तो आधी एखादा आटा सैल करून त्याच्या खळग्यात हवा मारावी आणि मगच बाहेर काढावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. धुण्याचे तेलकट पाणी मात्र गटारात सोडू नये, कारण शहरातील नाल्यांचा शेवट नासर्डीत आणि गोदावरीत होतो. ते वेगळे साठवून जळक्या ऑइलबरोबर अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे.

एकदा उघडल्यावर जे तोंड उघडे पडेल ते त्याच क्षणी बंद झाले पाहिजे, दुपारच्या जेवणानंतर नव्हे. मॅनिफोल्ड (हवा आणि धूर वाहणाऱ्या नळ्यांचा जोड) उतरवले की पोर्टवर, म्हणजे हेडमधील उघड्या तोंडांवर, टेप लावावी. कापडाचे बोळे कोंबायचेच असतील तर धागे न सुटणारे, ठसठशीत रंगाचे आणि मोजून लावलेले असावेत, कारण आत विसरलेला बोळा धुळीपेक्षाही घातक ठरतो. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे कॉटन वेस्ट (टाकाऊ सुताचा गुंता) उघड्या इंजिनाजवळ आणूच नये. त्याचे तंतू ऑइलच्या स्ट्रेनरवर (पंपाच्या तोंडावरील जाळीवर) जमतात आणि पंपाला ऑइल कमी पडू लागते. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांची तोंडे विशेष जपावीत, कारण टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि वॉशरचा तुकडाही त्याची पाती मोडतो. काढलेले भाग क्रमाने, चिठ्ठी लावून, झाकणाच्या ट्रेमध्ये ठेवावेत आणि रात्री संपूर्ण इंजिन झाकून ठेवावे.

सर्वांत मोठे नुकसान पॉलिश पेपरमुळे होते, असे मला वाटते. हेडचे जुने पॅकिंग निघत नाही म्हणून ब्लॉकचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरच्या डिस्कने घासला जातो, आणि त्यातून झडणारी कठीण भुकटी सिलिंडरमध्ये आणि ऑइलच्या छिद्रांत उतरते. मेकॅनिक स्वतःच्या हाताने इंजिनात झीज करणारी पूड भरतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तेथे प्लास्टिकचा किंवा लाकडी स्क्रेपर वापरावा, वेळ लागला तरी चालेल. होनिंग केलेले (आतून घासून बारीक रेघा पाडलेले) सिलिंडर डिझेलने पुसून भागत नाही. डिझेल पूड हलवते, पण रेघांतून पूर्णपणे काढत नाही. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश यांनी सिलिंडर घासावा, पांढरे कापड फिरवून त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत घासतच राहावा आणि वाळताच ऑइलचा हात फिरवावा, अन्यथा गंज धरतो. गॅलरीचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवणेही तितकेच आवश्यक आहे.

डिझेल गाड्यांबाबत तर अधिकच दक्षता हवी. आपल्या सातपूरच्या बॉश कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) तयार होतात. नोझलमधील सुई आणि तिचे घर यांच्यातील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. इतक्या सूक्ष्म मापाचा भाग ज्या शहरात घडवला जातो, त्याच शहरात इंजेक्टरची पाइप काढल्यावर तिच्या तोंडाला दोन रुपयांची टोपीही लावली जाऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यात दोष केवळ मेकॅनिकचा नाही. गाडी संध्याकाळपर्यंत हवी म्हणून दिवसातून चार फोन करणारा आणि बिलातील धुण्याचे पैसे सर्वप्रथम कापणारा ग्राहकच ही घाई जन्माला घालतो. माझी वाहनमालकांना विनंती आहे की, इंजिनाचे काम ठरवताना बाहेरून धुणे, तोंडे झाकणे आणि जोडणीपूर्व स्वच्छता यांचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे लिहायला सांगावे व त्यासाठी एक दिवस अधिक द्यावा. गॅरेजचालकांनी निदान हे रस्त्यांचे काम संपेपर्यंत इंजिन शेडच्या मागच्या बाजूला, पडदा लावून आणि जमिनीवर पाणी शिंपडून उघडावे. तेवढीही जागा नसेल तर शेजारच्या दोन-तीन गॅरेजांनी मिळून एक बंद खोली भाड्याने घ्यावी.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
इंदिरानगर, नाशिक