मंत्रीसाहेब, पत्रात पंधरा दिवस होते, मशीन चौथ्या दिवशी कसं आलं?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

डाव्या हाताने टाइप करतोय, काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या. उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. ती का आहेत हे पुढे येईलच, पण आधी कामाचं बोलतो, नाहीतर तुमचे पीए म्हणतील माणूस रडगाणं घेऊन आलाय.

माझा धंदा जुन्या इमारती पाडायच्या आधी त्यातलं सामान नीट काढून घ्यायचा. दारं, चौकटी, खिडक्यांच्या झडपा, जिन्याचे कठडे, रंगीत काचा, बिडाचे खांब, फरश्या, कड्या-कोयंडे. वडीलही हेच करायचे. लोक भंगारवाला म्हणतात, म्हणू देत. एक गोष्ट मात्र आत्ताच क्लिअर करतो. इमारत पाडू नका असं मी म्हणत नाहीये. पडायला आलेल्या घरात माणसं राहावीत असं कुणाला वाटेल? पाडा, खुशाल पाडा. फक्त माणसं बाहेर पडल्यावर आणि मशीन आत यायच्या आधी मधे थोडे दिवस आम्हाला द्या, एवढंच मागणं आहे आणि तेच तुम्ही दिलंही होतंत.

दिलं होतंत म्हणजे काय, तर तुम्ही स्टेजवरून बोलला होतात की यापुढे जुन्या इमारतीतली एक कडीसुद्धा ढिगाऱ्यात जाणार नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा दोन्ही हात चालू होते. नंतर तुमच्या खात्याचं पत्रही मिळालं, सही-शिक्क्यासकट. इमारत रिकामी झाल्यापासून पंधरा दिवस लाकूडकाम, लोखंडकाम, काच आणि फरशी काढून नेण्यास हरकत नाही. ते पत्र मी लॅमिनेट करून घेतलं साहेब. हसा आता.

इमारत तीन मजली, शंभरी पार केलेली. खिडक्या माझ्या मोजणीत 31, पुतण्याच्या मोजणीत 33, तो वाद अजून मिटलेला नाही. पहिले दोन दिवस आम्ही फक्त बघितलं आणि खडूने नंबर टाकले. तुमच्या इंजिनियरांना वाटतं हा टाइमपास आहे. पण या कामाचा नियमच उलटा असतो, बांधताना जे शेवटी लागलं ते आधी निघतं. आधी कड्या, बिजागऱ्या, दिव्यांचे ब्रॅकेट, मग झडपा, मग काचा, मग चौकटी, मग फरशी, आणि छपराचं लाकूड सगळ्यात शेवटी. मधेच एखादी गोष्ट घाईत ओढली तर वरचं खाली येतं. दारावरची रंगीत काच काढायची तर ती उभीच धरायची आणि उभीच न्यायची, कारण तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात आणि आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने मधे वाकते. हे मला कसं माहीत? विशीत असताना एक आडवी नेली होती. वडील काही बोलले नाहीत, दोन दिवस जेवले नाहीत.

जुन्या बांधकामात चुना असतो म्हणून तर आमचं काम होतं. चुना विटेपेक्षा मऊ, पटाशीने खरवडला तर वीट आख्खी हातात येते, चौकटीचा कान, म्हणजे भिंतीत रुतलेलं टोक, मोकळा होतो. सिमेंटमधून तीच वीट काढायला जा, आधी वीट फुटते. म्हणजे आज जी घरं उभी राहतायत त्यातून पुढच्या पिढीला काढून घेण्यासारखं काही मिळणार नाही. ते सोडा, तो विषय काढला की मी भरकटतो.

तर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची पहिली चौकट मोकळी केली आणि सांध्यावर खुणा दिसल्या. छिन्नीने मारलेल्या रेघा, एका तुकड्यावर तीन, त्यात बसणाऱ्या दुसऱ्या तुकड्यावरही तीन. पुढच्या सांध्यावर चार आणि चार. चौकट आधी जमिनीवर जुळवायची, खुणा करायच्या, सुटी करून वर न्यायची आणि खुणेप्रमाणे परत बसवायची, अशी ती पद्धत. खिळा एकही नाही, लाकडाच्या खुंट्या. बारीक बाजूने खुंटी ठोकली की बाहेर येते आणि चौकट उघडते. मी पुतण्याला म्हटलं बघ, ज्याने केली त्याने खोलायची सोय करूनच ठेवलीय. शंभर वर्षं कुणी खोलली नाही एवढंच. पुतण्या या धंद्यात राहायचं की नाही अशा विचारात होता, त्या रेघांवरून बोट फिरवत बराच वेळ बसला होता.

आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला खाली पोकलेन.

आम्ही चौघं दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कठड्यापाशी. खालून आवाज आला तेव्हा वाटलं शेजारचं काम असेल. मग भिंत हलली. मी पळत खाली गेलो, पत्र दाखवलं (लॅमिनेट केलेलं!), मशीनवरचा पोरगा बिचारा भला होता, म्हणाला काका मला फोन आलाय, आज सुरू करायचं. कुणाचा फोन? साहेबांचा. कोणते साहेब? त्याला माहीत नाही. त्या साहेबांना फोन लावला तर म्हणाले मला वरून आलंय. वरच्यांना लावला तर ते मीटिंगमध्ये. मीटिंग कसली होती माहितीय का, सेफ्टीची! इमारत धोकादायक आहे म्हणून तातडीने पाडायची. माणसं वर काम करत असताना खाली मशीन लावणं यात कसली सेफ्टी ते मला कुणी तरी समजावून सांगा, मी शिकायला तयार आहे.

पोरगा म्हणाला अर्धा तास थांबतो. अर्ध्या तासात काय काढणार? जिन्याचा पायथ्याचा खांब काढायला गेलो. शिसवी, वर कमळाचं बोंड कोरलेलं, हात लागून लागून ते बोंड आरशासारखं झालेलं. तो खांब फरशीखाली लांब बोल्टने धरलेला असतो, आधी दोन फळ्या उचलायच्या, बोल्ट ढिला करायचा, खाली पाचर मारून सावकाश वर घ्यायचा. नीट काम दीड तासाचं. मी पहार घातली. पहार सटकली, खांब कलला आणि माझी बोटं खांब आणि भिंतीच्या मधे. दोन बोटं, चार ठिकाणी मोडलीत असं डॉक्टर म्हणाले, एक्स-रे माझ्याकडे आहे, पाहिजे तर पाठवतो, तोही लॅमिनेट करून. तीन महिने पकड येणार नाही म्हणतात. या धंद्यात पकडच गेली तर माणसाने काय करायचं? तुमच्याकडे एखादी योजना असेल, फॉर्म उजव्या हाताने भरायचा नसेल तर सांगा.

शेवटी निघालं काय? 31 (की 33) खिडक्यांपैकी 9. कठड्याचे 46 बिडाचे खांब, त्यातले 17. बीड फार ठिसूळ असतं, लोखंडासारखं वाकत नाही, धक्का बसला की सरळ तुटतं. उरलेले 29 मी रस्त्यावर उभा राहून तुटताना ऐकले, मोजले. पुढच्या खोलीतल्या नक्षीच्या फरश्या, साधारण एकशेऐंशी असतील, दोनशेही असतील, त्यातली एकही नाही. त्या फरश्यांवरची नक्षी वरून रंगवलेली नसते, रंगाचा थरच काही मिलीमीटर जाड असतो, म्हणून तीन पिढ्या चालल्या तरी फूल पुसलं जात नाही. पोकलेनला ते पाच मिनिटांत जमलं.

आता तुम्ही म्हणाल की बाबा रे, जगभर असंच चालतं. चालतं ना. लंडनच्या यूस्टन स्टेशनसमोर एक प्रचंड दगडी कमान होती, 1837 ची. 1961-62 ला पाडली. पाडणारा ठेकेदार स्वतः म्हणत होता दगडांना नंबर टाकून ठेवतो, परत उभारता येईल. सरकारने ऐकलं नाही. पुढे 1994 मध्ये त्यातले बरेच दगड नदीच्या तळाशी सापडले, खड्डा बुजवायला टाकले होते. लोखंडी गेट मात्र वाचले, ते यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये आहेत. ठेकेदाराला कळत होतं आणि सरकारला कळत नव्हतं, ही परंपरा जुनी आहे एवढंच मला म्हणायचंय.

आणि शिकागोचा रिचर्ड निकेल. फोटोग्राफर. जुन्या इमारती पाडताना त्यातली नक्षी, पत्रे, कोरीव तुकडे वाचवत फिरायचा. 1972 च्या एप्रिलमध्ये तिथल्या जुन्या स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत, पाडकाम चालू असताना, वरचं त्याच्या अंगावर कोसळलं. जवळजवळ महिनाभराने त्याचा मृतदेह सापडला. त्या इमारतीची ट्रेडिंग रूम नंतर तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये वाचवलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभी केली, लोक बघायला जातात. दवाखान्यात बोटांना बर्फ लावून बसलो होतो तेव्हा मला तोच आठवत होता. माझी तर दोनच बोटं. नशीबवान म्हणायचं.

जगातली चांगली उदाहरणंही आहेत, पण ती तुमच्या अभ्यासदौऱ्यांत येत नसावीत. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने 2016 साली नियम केला की 1916 किंवा त्याआधीचं घर असेल तर ते मशीनने चिरडायचं नाही, हाताने सुटं करायचं. नंतर ती मर्यादा 1940 पर्यंत आणली. हाताने. तिथे मजूर आपल्यापेक्षा महाग असतील की स्वस्त, तुम्हीच सांगा. त्याच देशात 2018 मध्ये बांधकाम-पाडकामाचा कचरा 60 कोटी टन निघाला आणि त्यातला 90 टक्क्यांहून जास्त नुसता पाडकामाचा, म्हणजे त्यांचंही सगळं छान चाललंय असं नाही. पण निदान मोजतात तरी. आपल्या खात्यात विचारलं की गेल्या वर्षी पाडलेल्या इमारतींमधून किती दारं निघाली, तर समोरचा माणूस माझ्याकडे असं बघतो की जणू त्याच्या घरचं दार मागितलंय.

खरं दुखणं तिथेच आहे साहेब. तुमच्या कागदात इमारत म्हणजे जागा, आणि जागेवर जे उभं आहे ते म्हणजे मलबा. उभं असतानाच मलबा! टेंडरमध्ये किती दिवसात प्लॉट साफ, याला मार्क आहेत, काय वाचवलं याला रकानाच नाही. मग ठेकेदार मशीन लवकर आणणार नाही तर काय करणार, मी त्याच्या जागी असतो तर मीही आणलं असतं. तुमच्या अधिकाऱ्याची बदली होते, नवा येतो, त्याला जुन्याचं पत्र मान्य नसतं. शिक्का तोच, खुर्ची तीच, फक्त माणूस वेगळा म्हणून शब्द वेगळा? आम्ही मग नक्की कुणाच्या शब्दावर पहार उचलायची? सगळीकडेच हे आहे, रस्ता करायचा आणि महिन्यात पाइपसाठी खणायचा, झाड लावायचा फोटो काढायचा आणि पाणी कुणी घालायचं ते ठरवायचं नाही. असो, परत भरकटलो.

तुमच्या नव्या ऑफिसात मी एकदा येऊन गेलोय. दोन तास बाहेर बसलो होतो म्हणून दार नीट बघता आलं. अँटिक फिनिश. हे कसं करतात माहितीय का? नव्या लाकडाला साखळीने बडवतात, म्हणजे खड्डे पडतात, मग गडद पॉलिश चोळतात की झालं शंभर वर्षांचं. बिजागऱ्याही नव्या, काळ्या रंगवलेल्या. म्हणजे जुनं दिसणारं दार तुम्हाला हवंय, फक्त जुनं दार नकोय. दोन तासांत कुणी भेटलं नाही हेही सांगून टाकतो.

मागणी काय ती एकदा लिहितो, कारण पीए विचारतील. पाडायच्या परवानगीतच लिहा की रिकामी झाल्यावर इतके दिवस मशीन येणार नाही, वेगळं पत्र नको, वेगळ्या पत्राचं काय होतं ते बघितलं. इमारतीत काय काय आहे याची यादी परवानगीला जोडा, एका माणसाचं एका दिवसाचं काम आहे. काढलेलं सामान ठेवायला एखादी पडीक शेड द्या, छप्पर असलं म्हणजे झालं, कारण भिजलेलं जुनं लाकूड उन्हात पडलं की पीळ खातं आणि मग वाचवून काय उपयोग. हो, आणि काम करणाऱ्यांना मास्क द्या, जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासलं की धूळ छातीत जाते. हे मी वडिलांना कधी सांगू शकलो नाही, मलाच उशिरा कळलं.

आता शेवटचं. ज्या प्लॉटची इतकी तातडी होती, जिथे माझी बोटं आणि 29 खांब गेले, तिथे आज सात दिवस झाले ढिगारा तसाच पडून आहे. काल पुतण्याला पाठवलं होतं. उचलायला गाड्याच नाहीत म्हणे. माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची एक झडप आहे, कडेला तीन रेघांची खूण असलेली, तिची जोडीची झडप त्या ढिगाऱ्यात आहे. पुतण्याला कोपरा दिसलाय. वॉचमनने हात लावू दिला नाही.

तुमच्या खात्याच्या पत्राप्रमाणे आज अकरावा दिवस आहे. म्हणजे चार दिवस अजून माझे आहेत. वॉचमनला तेवढं कळवा.

आपला,
सही बोटं सुटल्यावर करतो